आम्ही बरं वाटायला बसलो होतो

आणि वर सगळ्या मिळून मलाच म्हणतात, ओकजू, उशी तुझ्या हातात होती. होती ना, मी कुठं नाही म्हणतेय? पण उशी आणली कुणी, हेसुकने. नियम काढले कुणी, हेसुकने. आधी रडायला लागलं कोण, तीही हेसुकच. आणि गुन्हेगार कोण, तर मी, जी कोपऱ्यात बसून भाजलेला सुका माकूळ चावत होती. तुम्हाला सांगते, आम्ही बरं वाटायला बसलो होतो.

आम्ही म्हणजे चौघी. गुनसानच्या एकाच शाळेत, एकाच बाकाच्या आसपास वाढलेल्या, आता अठ्ठावन्नच्या. दर शनिवारी दुपारी मिरानकडे जमतो, कारण टीव्ही तिच्याकडे मोठा. नवरा गेला आणि त्याच्या जागी भिंतीभर टीव्ही आला, आणि दोघांत बोलका म्हणाल तर टीव्हीच. दुसरी हेसुक, तिचं पार्लर आहे. गुनसानमधल्या निम्म्या बायकांची डोकी तिने सारखी कुरळी करून ठेवलीत, मागून बघितलं तर आपली आई कुठली ते पोरांना ओळखू येत नाही. मी कपडे लहानमोठे करून देते. आणि चौथी जंगिम, पोस्टात खिडकीवर बसायची. ताठ बाई. पोस्ट सुटलं, ताठा राहिला.

आणि ती मालिका. एक डॉक्टरीणबाई, मनाची हो, राजधानी सोल सोडून एका बेटावर येते. ज्याचं मन दुखलंय त्याला समुद्राकडे तोंड करून बसवते, हातात एक उशी देते आणि म्हणते, आत आहे ते बाहेर येऊ द्या. मग तो बाहेर येऊ देतो, पियानो वाजतो, आणि ज्याने जन्मभर छळलं तोच धावत येऊन मिठी मारतो. एका तासात, जाहिराती धरून. आता तुम्हीच सांगा, आतलं आतच राहावं म्हणून तर माणसाला कातडी दिलीय ना? पण आम्ही रडायचो, चौघी, एकाच टिश्यूच्या डब्यातून. नवव्या भागात सासू सुनेची माफी मागते. त्या दिवशी तर मिरानने माकूळ रडून इतका ओला केला की परत भाजावा लागला.

आणि तिथंच हेसुक उठली, टीव्हीचा आवाज बंद केला, सोफ्यावरची उशी छातीशी धरली आणि म्हणाली, "आपणही करू या."

"काय करू या?"

"हेच. जिच्या हातात उशी, तिने मनातलं बोलायचं. समोरचीने उलट बोलायचं नाही, फक्त 'ऐकलं' म्हणायचं."

मी म्हटलं, "मी तर पोटभर जेवून आलेय, मला कशाला हे?" पण मिरानने उशी घेतलीसुद्धा.

"हेसुक," ती म्हणाली, "माझ्या मुलीच्या लग्नात तू माझे केस असे केलेस की मी फ्लॉवरचा गड्डा दिसत होते. अल्बममधून मी मला कापून काढलंय. जावयाला वाटतं, सासू लग्नाला आलीच नव्हती."

"ऐकलं," हेसुक म्हणाली, पण कान लाल झाले. उशी तिच्याकडे आली. "मिरान, तुझा नवरा गेल्यावर तीन महिने तू मला रोज फोन करून रडायचीस. मी फोन स्पीकरवर टाकून काम करायचे. गिऱ्हाइकंही ऐकायची. दोघीतिघी तर तुझ्या वेळेला मुद्दाम यायला लागल्या होत्या."

"ऐकलं," मिरान म्हणाली. आणि तुम्हाला सांगते, पियानो काही वाजला नाही. फ्रिज तेवढा घरघरला. आम्ही बरं वाटायला बसलो होतो, आणि दोघी दोन दिशांना बघत होत्या.

मग उशी माझ्याकडे. मी खरंच काहीतरी किरकोळ बोलणार होते, की जंगिम तू उसना नेलेला डबा न घासता देतेस, वगैरे. पण उशीला काय असतं कोण जाणे, हातात आली की जीभ सैल सुटते. आता हे समजायला मागचं सांगायला हवं.

जंगिमचा एकुलता एक मुलगा तेग्यू कॅनडात असतो. म्हणजे ती सांगते. सहा वर्षं दर शनिवारी सांगते. तिथं बर्फ किती, तिथं माशांचा आकार केवढा, तेग्यूला साहेब सोडतच नाही. मेपलच्या पाकाच्या बाटल्या वाटते, तेग्यूने पाठवल्या म्हणून, आणि बाटलीच्या बुडाला आमच्याच सुपरमार्केटचं स्टिकर नखाने खरवडलेलं. आम्ही म्हणायचो, व्वा, काय चव, तिकडचा माल तो तिकडचा. कारण आम्हाला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी तेग्यू माझ्याच दुकानात आला होता, हातात इवलासा हानबोक, आमचा सणासमारंभाचा पोशाख, मुलीच्या पहिल्या वाढदिवसाचा, घागरा आखूड करायला. कॅनडाहून तो कधीच परतलेला, राहतो जॉन्जूला, बसने तासाभरावर. सासुरवाडी आमच्याच गावात, महिन्यातून एकदा येतो सासूसासऱ्यांना भेटायला. मला बघून पांढरा पडला.

"मावशी, आईला सांगू नका."

मी शब्द दिला, आणि शब्द पाळला. कुणाला म्हणून सांगितलं नाही. मिरान आणि हेसुक म्हणजे काही कुणी नव्हेत.

तर उशी माझ्या हातात, आणि मी म्हटलं, "जंगिम, ते कॅनडाचं आता पुरे कर. तेग्यू जॉन्जूला आहे. आम्हाला दोन वर्षं माहीत आहे. तुझी नातसुद्धा आता तीन वर्षांची झाली."

मिरानने डोळे मिटले. जंगिम ताठच बसली होती.

"परत आलाय ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे तेही माहीत होतं. सगळ्या गावात तीन बायका माझं खोटं खरं धरायच्या, म्हणून तर शनिवारी यायचे." मग थांबली. "नात?"

आता तिला नातीचं ठाऊक नसेल हे मला कुणी सांगितलं होतं का? मला वाटलं, आजीला असतं माहीत. कसं असणार ते मात्र मी विचारात घेतलं नाही.

"सोदाम," मी म्हटलं. "नाव सोदाम आहे."

"ऐकलं," जंगिम म्हणाली. नियम होता ना.

तुम्हाला वाटेल, तिने रडावं, मला झोडपावं, उशी फेकून मारावी. नाही. कोट घातला, दाराशी बुटांत पाय घालताना वळली आणि म्हणाली, "ओकजू, हानबोक घरपोच दिला असशील ना? पत्ता दे." आणि सोमवारी सकाळी बसस्टँडवर मी तिच्याबरोबर. कारण मिरान आणि हेसुकचं एकमत झालं होतं की हे मी केलंय, मीच निस्तरायचं. एकमेकींशी बोलत नव्हत्या दोघी, पण यावर एकमत.

जंगिमने बाळाची सोन्याची अंगठी घेतली होती, पहिल्या वाढदिवसाला देतात ती. दोन वर्षं उशिरा. वाटभर डबी उघडायची, मिटायची.

अकरावा मजला. दार तेग्यूनेच उघडलं. तुम्हाला सांगते, मी मनात पियानोची वाट बघत होते, इतकं त्या मालिकेने माझं डोकं कामातून घालवलं होतं.

"आई," तो म्हणाला. दारातून हलला नाही.

"बारीक झालास."

"नाही. चार किलो वाढलोय." अगदी सौम्य आवाज, पोस्टाच्या खिडकीसारखा. "आई, मी दोन वर्षं एका डॉक्टरीणबाईंकडे जातोय. मनाच्या. आता मला झोप लागते."

"मग चांगलंच आहे की."

"त्यांनी सांगितलं, आईला भेटायचं की नाही ते तू ठरव. मी ठरवलंय."

जंगिमने डबी पुढे केली. त्याने घेतली नाही. "गणितात जितके मार्क कमी, तितकी मिनिटं बाल्कनीत," तो म्हणाला. "बनियनवर. जानेवारीत. एकदा एकतीस मिनिटं. आठवतं?"

"तेव्हा सगळेच करायचे," जंगिम म्हणाली. "तू पहिला आलास नंतर."

"आलो," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "मावशी, तुम्ही समोरच्या इमारतीत राहायचात. तुम्हाला दिसायचो मी."

आता काय सांगू तुम्हाला. दिसायचा. मशीन खिडकीशीच होतं माझं. मी शिवता शिवता बघायचे आणि माझ्या पोराला म्हणायचे, बघ, अभ्यास नाही केलास तर तुझंही असंच करीन. मी फक्त बरं वाटायच्या भानगडीत साथीला आले होते, आणि हा माझ्याही घराची खिडकी उघडून बसला.

तेवढ्यात आतून मुलगी आली, केसांत दोन क्लिपा, बापाच्या पायामागून डोकावली. "बाबा, कोण आहे?"

"चुकून आल्यात आजी," तेग्यू म्हणाला. "दुसऱ्या घरी जायचं होतं त्यांना."

जंगिमने वाकून मुलीकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. आता सगळं बाहेर येईल.

"हो गं," ती म्हणाली. "मजला चुकला."

दार हळूच लागलं, आपटलंसुद्धा नाही त्याने. बरा झालेला माणूस दार आपटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेरची भाताची कापलेली शेतं बघता बघता ती म्हणाली, "नाक माझ्यावर गेलंय ना?"

मी म्हटलं, "अगदी." नाक तिच्यावर गेलं नव्हतं. कुठल्याच बाजूने गेलं नव्हतं. पण माझ्या हातात आता उशी नव्हती, आणि मला शहाणपण आलं होतं, तासाभराच्या बसइतकं उशिरा.

पुढच्या शनिवारी ती आली, ठरलेल्या वेळेला. मिरान आणि हेसुकही बोलायला लागल्या होत्या, कारण दोघींना माझ्याबद्दल बोलायचं होतं. टीव्ही लागला. शेवटचा भाग. बेटावर एक मुलगा बारा वर्षांनी आईकडे येतो, डॉक्टरीणबाई मागे उभ्या, पियानो वाजायला लागला. आम्ही तिघी श्वास रोखून बसलो, टिश्यूला हात लावायची हिंमत कुणाची?

जंगिमने रिमोट घेतला. "ही आई फारच स्वस्तात सुटली," ती म्हणाली, आणि चॅनल बदललं.

आता आम्ही खुनाची मालिका बघतो. चार भागांत सात मेले, आठव्याचं नक्की झालंय. जंगिम म्हणते, हे बघून फार शांत वाटतं. खरंय तिचं. सात मेले, पण तुम्हाला सांगते, त्यातला एकही मनातलं सांगत बसत नाही.