तीन वाव, दोन मुठी

हॅलो? … हो ताई, बोल. हळू बोलते गं, पिल्लू आत्ताच खांद्यावर झोपलंय. … छे, खाली ठेवलं की डोळे टक्क उघडतं.

… अगं, होडीचंच चाललंय! सासूबाई शाळेच्या सुतारवर्गातून कधीच्या निवृत्त झाल्या, पण हातातलं सुतारकाम कुठे निवृत्त होतंय? … हो, लाकडाचा सांगाडा आणि वरून कापड शिवायचं. पूर्वी म्हणे कातडं असायचं. … नाही, खिळा एकही नाही! पट्ट्या वाफेवर मऊ करून वाकवायच्या, सगळं दोऱ्यांनी बांधायचं. म्हणून लाट आली की होडी तिच्याबरोबर लवते. … मलाही खरं वाटलं नव्हतं. काल नमुन्याला होडीची एक बरगडी वाकवली माझ्यासमोर. गुडघ्यावर! ऑपरेशनच्याच गुडघ्यावर! मी बघतच राहिले. मला साधा डबा उघडत नाही.

… ठरलं कुठे अजून? दोन प्रकार उरलेत. एक ग्रीनलंडकडची, अरुंद, पाण्याला चिकटून चालणारी, एकट्याची. दुसरी अल्युशियन बेटांवरची. तिचं पुढचं टोक माशाने तोंड उघडावं तसं दुभंगलेलं. तीत दोघं बसतात. … दुपारी लाकूड कापायचंय. आणि निवड म्हणे मी करायची!

… हो, हो… अगं ऐक ना, मलाही तीच भीती. सत्तरीची बाई त्या अरुंद होडीत एकटी, आणि उलटली तर? … तेच म्हणते. दोघांचीच करा म्हणून सांगते. सोबत बसेल कुणीतरी. … मी? मी कसली बसतेय! पाण्यात उतरून चौदा महिने झाले, माझं वल्हं कपाटामागे धूळ खातंय. … रडत नाहीये गं. नाक चोंदलंय.

… तर काय, सासूबाई विसरायलाही लागल्यात. सोमवारी कपड्यांची दोरी बांधायची म्हणून मला हात पसरून धरायला लावली. एकदा नाही, तीनदा. आणि कापली तिथेच. अंगणात निम्म्यावरसुद्धा पोचेना! … मी कशाला बोलू? कापल्यावर काय बोलणार?

… चल, त्यांच्या कामाच्या शेडमध्येच जाते. तू फोनवर राहा. एकटीने त्यांच्यापुढे माझी मांजर होते.

… मापपट्टी? नाव काढू नकोस, कुलपात टाकलीय. ही होडी बसणाऱ्याच्या अंगाच्या मापानेच करायची. लांबी तीन वाव… वाव गं, दोन्ही हात पसरून होतं ते. रुंदी म्हणजे बसणाऱ्याची कंबर आणि बाजूला दोन मुठी. दुसऱ्याच्या मापाची होडी म्हणजे उसनी चप्पल, म्हणतात.

… नाहीत इथे. वाफेचं पाणी बघत असतील. … जमिनीवर खडूने दोन्ही आखल्यात. काय रेष आहे ताई! एकदाही खोडलेली नाही. …

थांब. … अगं, ही ती सोमवारची दोरी. निळी. अरुंद होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बरोब्बर. … आणि ही माझी पँट! चार दिवस शोधतेय, नवऱ्यावर ओरडले त्यापायी. … मधोमध ठेवलीय. दोन्ही बाजूंना कागदावर गिरवलेल्या मुठी. हातमोजे विणते म्हणून त्यांनीच गिरवून घेतल्या होत्या, मुठी कशाला ते विचारलंही नाही मी… माझ्याच. … दोघांच्या होडीतही पुढच्या जागेवर माझंच नाव.

… हॅलो? आहे, आहे मी.

एक मिनिट. सासूबाई आल्या. … आई… हो, पाहिलं. … तुमची नाहीच का ही? … नाही, रागवले नाही. … अरुंद. … हो आई, नक्की. एकटीची.

… काय म्हणाल्या? अगं, नुसते हात पुढे केले. पिल्लाला घेतलं. … नाही, उठलं नाही. मान खुपसून झोपलंय.

ताई, ठेवते मी. त्या रेषेच्या आत बसून बघायचंय. … नंतर, नंतर सांगते. आता दोन्ही हात मोकळे हवेत मला.