टाच अजून दुखते

नाही हो मॅडम, तो कागद भरायची घाई नका करू — दुखतंय अजून. आज तर जास्तच. शेवटची खेप कसली? सहा आठवडे झाले म्हणून टाचेनं बरं व्हायलाच पाहिजे, असा कायदा आहे का? — व्यायाम? करतो की! अंथरुणातून उठायच्या आधी चवड्याला टॉवेल अडकवून पाय आपल्याकडे ओढायचा, तीस आकडे मोजायचे. मग भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची — मागची टाच उचलायची नाही. तळव्याखाली बर्फाची बाटली फिरवायची, बोटांनी नॅपकिन गोळा करायचा — बघा, तोंडपाठ आहे. आई तर हसते. म्हणते, "हात थकले काय रे शिंप्या, आता पायानं कापड धरतोस?"

ती झोपूनच असते ना. खुबा मोडला त्याला चार वर्षं झाली. तेव्हा मी दुकान बंद केलं, मशीन आणि कापायचं टेबल तिच्याच खोलीत आणलं. दिवसभर फरशीवर उभा राहून कापतो, तिनं काठी आपटली की जातो — पाणी, कूस, भांडं, परत पाणी. तक्रार नाही हं माझी. आई आहे. ताई लांब असते, फोन करते — आई कशी आहे, जेवली का, झालं. टाच कशी आहे, हे फक्त तुम्ही विचारता.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार ते पाच शेजारच्या मावशी बसतात तिच्याजवळ. दवाखाना म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? नुसतं चक्कर मारून येतो म्हणालो तर? — म्हणालो होतो एकदा. आई म्हणाली, "जा की. मी गेले तर कळवतील तुला कुणीतरी." चपला घातलेल्या काढून ठेवल्या. तिचंही चुकत नाही हो — तिला भीती वाटते.

म्हणून म्हणतो, चार खेपा वाढवा. दोन तरी. खोटं नाही सांगत — ती आतल्या बाजूची जागा आहे ना, तिथं बोट जरी लागलं तरी कळ थेट मस्तकात —

मॅडम.

तुम्ही तिथंच अंगठा दाबून धरलाय. कधीपासून?

...नाही. नाही दुखत. — दोन आठवडे व्यायामच केला नाही मी. तुम्ही नको म्हणालात तरी घरात अनवाणी फिरलो, मुद्दाम. आणि आज सकाळी पाय टेकला — ते पहिलं पाऊल, सुई घुसायची ना तिथं — काहीच नाही. दुसरं टाकलं. नाहीच. परत खाटेवर बसलो. आई विचारते, "रडतोस कशाला?" म्हटलं, "टाच." बिचारी म्हणाली, "जाऊन ये हो आज, मी नाही हाक मारणार."

अहो, तुम्ही नका डोळे पुसू, तुमचं काय चुकलं? हाताला गुण आहे तुमच्या, म्हणून तर — लिहा. बरा झाला म्हणून लिहा. मी निघतो, मावशींना उगाच बसवून ठेवायला नको. — नको, हात नको धरायला. सरळ चालता येतं मला आता. पुढच्याला बोलवा.