होडीला दोन बॅटऱ्या

दुकानदार : ते सगळं राहू द्या, काका. मला एवढंच सांगा, होडीत बॅटऱ्या किती आहेत?

सासरे : एकच. पण दांडगी आहे.

दुकानदार : आणि तिच्यावर काय काय चालतं?

सासरे : मागचं मोठं इंजिन तिच्यावरच सुरू होतं. पुढे विजेची छोटी मोटर आहे, मासे धरताना हळूहळू सरकायला. आवाज नाही, मासे बुजत नाहीत. मग दिवा आहे, रेडिओ आहे...

सून : रेडिओसुद्धा? हे मला आत्ता कळतंय, बाबा!

सासरे : बातम्यांपुरता गं.

दुकानदार : मग बरोबर आहे. सकाळभर छोट्या मोटरनं बॅटरी पिऊन टाकली, आणि परत निघताना इंजिन सुरू करायला तिच्यात जीवच राहिला नाही. होडी बंद पडली असणार.

सासरे : बंद कुठे? जरा थांबली.

सून : जरा? दादा, गेल्या रविवारी हे तीन तास तळ्याच्या मधोमध होते. शेवटी डब्याच्या झाकणानं पाणी मारत काठाला लागले.

सासरे : वल्हं घरी राहिलं होतं.

सून : आणि फोन?

सासरे : वल्ह्याच्या सोबतीला.

सून : हसू नका हो दादा! यांच्या चिरंजीवांनी होडी विकायला काढलीय. उद्या गिऱ्हाईक बघायला येणार. मी म्हटलं, आधी बॅटरीचं बघू, मग होडीचं.

दुकानदार : तुम्हाला दोन वेगळ्या बॅटऱ्या लागतील. इंजिनाची बॅटरी एकदाच जोरात हिसका देते आणि गप्प बसते. मोटरची दिवसभर थोडं थोडं देत राहते. एकीचं काम दुसरीला सांगितलं की ती लवकर मरते.

सासरे : हिसका देऊन गप्प बसणारी म्हणजे आमची सूनबाई.

सून : आणि दिवसभर थोडं थोडं बोलणारे तुम्ही!

दुकानदार : इंजिनाला ही घ्या, तिथे प्रश्नच नाही. मोटरला दोन प्रकार आहेत. ही शिशाची, सव्वीस किलो. ही लिथियमची, अकरा किलो. हिचा चार्जर तेवढा वेगळा, जुना लावायचा नाही.

सासरे : अकरा? आत काही भरलंय की नुसताच डबा? शिशाचीच द्या. बॅटरीला कसं वजन पाहिजे.

सून : दर वेळी घरी नेऊन चार्ज करायचीय. उचलून तर बघा.

सासरे : त्यात काय बघायचं!

(ते वाकतात, बॅटरी वीतभर उचलतात आणि हळूच खाली ठेवतात. सरळ व्हायला त्यांना वेळ लागतो.)

सून : कंबर?

सासरे : पाय सरकला. फरशी ओली आहे यांची.

दुकानदार : कोरडी ठणठणीत आहे, काका.

सून : कधीपासून दुखतेय, बाबा?

सासरे : झाले तीन-चार महिने. त्याला सांगू नकोस. कंबरेचं कळलं तर होडी गेलीच समज. अगं, घरात मी उठता-बसता तुमच्या पायात येतो. तिथे कुणाच्या पायात येत नाही.

सून : असं कोण म्हणालं तुम्हाला?

सासरे : कुणी नाही. आपलं आपल्याला कळतं.

सून : काहीतरीच कळतं. या रविवारी मी येणार तुमच्याबरोबर.

सासरे : तू? तुला तर बादलीतल्या पाण्याची धास्ती!

सून : आहेच. पण त्या रविवारी तुमची वाट बघत खिडकीशी उभं राहून जी वाटली, त्याहून कमीच वाटेल.

दुकानदार : ताई, तरंगायचं जाकीट समोरच्या दुकानात मिळेल. चांगलं बघून घ्या.

सासरे : आणि तुझ्या नवऱ्याला काय सांगायचं?

सून : गिऱ्हाइकाला नको म्हण, एवढंच सांगायचं. पुढचं मी बघते. कंबरेचं मात्र डॉक्टरांना दाखवायचं. उद्याच.

सासरे : बरं बाई... अहो, ती अकरा किलोवालीच बांधा.

दुकानदार : पटली ना शेवटी?

सासरे : आटोपशीर आहे. पुढच्या फळीवर सूनबाईला बसायला जागा होईल.