बारा भेटी, बारा शून्यं

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, पंचक्रोशीतल्या तीन पिढ्यांना गणित शिकवलेले आदरणीय दाजी भाटकर गुरुजी. सत्कारमूर्ती आणि सागरतट धोरण प्रतिष्ठानचे संचालक माननीय डॉक्टर मितेश सर. पुण्याहून सकाळच्या उन्हात आलेले विश्वस्त मंडळ. माझे सहकारी, पत्रकार बंधुभगिनी, आणि मागच्या रांगेत जेवणाच्या वासावर तग धरून बसलेले सर्व श्रोतेहो,

हसताय ते बरंय. नंतर हसू येईल की नाही, सांगता येत नाही.

मी योगिनी पावसे. प्रतिष्ठानच्या रत्नागिरी कार्यालयात गेली तीन वर्षं 'स्थानिक समन्वयक' म्हणून काम केलं. आज कार्यालय बंद होतंय, कारण काम फत्ते झालंय. आपण तयार केलेलं किनारी जमीन सुधारणा विधेयकाचं प्रारूप राज्याच्या समितीने विचारार्थ घेतलंय. 'स्थानिक कर्मचाऱ्यांच्या भावना दोन मिनिटांत मांडा,' असं मला सांगण्यात आलं. मितेश सर, दोन मिनिटांत नाही जमणार. तुमच्याच कार्यशाळांमधून लांब बोलायची सवय लागलीय.

आधी गुण गायला हवेत. निरोपाला आपल्याकडे तीच रीत आहे. प्रतिष्ठानने मला किती नवे शब्द दिले! माझी आई खाडीत तिसऱ्या आणि मुळे, म्हणजे खायची शिंपली काढते, ती 'हितधारक' आहे हे मला इथे येऊन कळलं. आमच्या वाडीच्या शेजारचा चिखल, ज्याला आम्ही नुसतं खाजण म्हणतो, तो 'अल्पवापरातील किनारी संपत्ती' आहे हेही इथेच कळलं. हितधारकांशी सल्लामसलतही झाली बरं का. ऐन मंगळवारी, सकाळी दहा वाजता. मंगळवारी आमच्या बायका बाजारात पाट्या घेऊन बसलेल्या असतात. तेव्हा सल्लामसलतीला एक बाई होती, ती म्हणजे मी. अहवालात माझा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'महिलांचा उत्स्फूर्त सहभाग'.

पण ते किरकोळ. मुद्दा कलम नऊचा आहे.

ज्यांनी प्रारूप वाचलं नाही, म्हणजे व्यासपीठावरचे बहुतेक, त्यांच्यासाठी सांगते. कलम नऊ म्हणतं की ज्या खाजणाचा 'नियमित वापर आढळला नाही' ते मोकळं समजावं आणि शासनाने ते भाडेपट्ट्याने द्यावं. कुणाला, ते लिहिलेलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही आधुनिक पद्धत असावी. सोबत यादी जोडली आहे. यादीत चौथ्या क्रमांकावर आमचं खाजण आहे, भाट्याच्या खाडीच्या वरच्या अंगाचं. वापरकर्त्यांच्या रकान्यात शून्य.

हे शून्य कुठून आलं? गुरुजी, गणित आहे, जरा लक्ष द्या.

कुठल्याशा पुस्तकात प्रतिष्ठानच्या वाचनात आलं की पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी सगळ्यात खोल जाते. अगदी खरं आहे. म्हणून ठरलं की ऑक्टोबर ते मार्च, दर पौर्णिमेला आणि दर अमावास्येला खाजणावर जाऊन माणसं मोजायची. बारा भेटी. केवढा शास्त्रीय विचार! फक्त हॉटेलचा नाश्ता साडेनऊला, मग फोनवर पुण्याशी चर्चा, मग गाडी. खाजणावर पोचायला दर वेळी साडेअकरा.

गुरुजी, तुम्ही हसलात. तुम्हाला कळलं. आमच्याकडे शाळेत पाऊणकी पाठ व्हायच्या आधी पोरांना घरी ती येते, कारण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमा असो, अमावास्या असो, सव्वाअकराला खाडी काठोकाठ. खोल ओहोटी त्या दिवशी असतेच, पण पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला. पहाटे साहेब झोपलेले, आणि संध्याकाळी चारनंतर गाडी बाहेर काढायची नाही, हा कार्यालयाचा नियम आडवा.

पहिल्याच दिवशी आमचा ड्रायव्हर नितेश म्हणाला होता, "साहेब, आज पुनव हाय. आता थय नुसता पानी असनार." त्याला उत्तर मिळालं, "तू गाडी चालव."

मग भरलेल्या खाडीसमोर उभं राहून फोटो काढले. काठावरून आईने मला हाक मारली, "योगिनी, ते साहेब भरतीत काय मोजतायत गो? पानी?"

दुसऱ्या भेटीनंतर मी मितेश सरांच्या खोलीत गेले. पाऊणकी कागदावर मांडून दाखवली. सरांनी चष्मा काढला, माझ्याकडे फार मायेने पाहिलं आणि म्हणाले, "योगिनी, तुझं म्हणणं रोचक आहे. पण पद्धत मध्येच बदलली तर आकडेवारीतली सुसंगती जाते." मी म्हटलं, "सर, आकडेच चुकतायत." तर म्हणाले, "सगळे सारखेच चुकले तर चालतं."

विश्वस्तहो, टाळ्या वाजवा. तीन वर्षं मी या माणसाला 'सर' म्हणत होते. एवढ्या पदव्या घेतलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट कळत नाही, असं मला आधी वाटायचं. मग लक्षात आलं की कळत होती. ज्यांच्या पायाला कधी खाडीचा चिखल लागला नाही, ते राज्यभराच्या किनाऱ्याचा कायदा लिहितात, त्यावर भाषणं देतात, आणि दुसऱ्या राज्यांना सल्ला द्यायला विमानाने जातात. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान शेळ्या दिसत तरी असतात. यांना भरलेली खाडी दिसली आणि त्यांनी लिहून टाकलं की इथे कुणी येत नाही. मला या हुशारीची किळस येते, आणि ती आज बोलून दाखवल्याशिवाय मी इथून जाणार नाही.

थांबा सर, माइक बंद करायला सांगू नका. तुमच्याबद्दलचं संपलं. आता माझ्याबद्दल.

प्रत्येक भेटीच्या तक्त्याखाली एक ओळ असते, 'स्थानिक पडताळणी'. बारा तक्ते, बारा शून्यं, आणि त्याखाली बारा सह्या. त्या माझ्या आहेत. मला पाऊणकी येत होती. माझी आई कुठे बसते, कुठल्या डबक्यापाशी तिला मुळे जास्त मिळतात, हेही मला ठाऊक होतं. तरी सही केली. गळ्यात ओळखपत्र होतं, मुंबईच्या कार्यालयात कायमची जागा देऊ असं सरांनी सांगितलं होतं. आई ते ओळखपत्र बाजारात गिऱ्हाइकांना दाखवायची. सर्वेक्षण कसलं चाललंय, खाजणाचं काय होणार, असं वाडीतल्या बायकांनी विचारलं की ती म्हणायची, "माझी पोरगी हाय ना त्यांच्यात. मंग कसली काळजी?"

सर जाणून गप्प बसले ते पुण्याच्या भल्यासाठी. मी जाणून गप्प बसले ती आईचंच खाजण जात असताना. त्यांच्याहून मी वाईट आहे, आणि मला त्याची लाज वाटते.

म्हणून गेले आठ आठवडे सुट्टीच्या दिवशी मी ओहोटीच्या वेळेला खाजणावर गेले. आईला सांगितलं, ऑफिसचंच काम आहे. रोज नावानिशी बायका मोजल्या. कमीत कमी एकतीस, जास्तीत जास्त त्रेचाळीस. ती यादी आणि 'माझ्या बारा सह्या खोट्या आहेत' असं लिहिलेलं पत्र मी काल समितीकडे हरकत म्हणून दिलं. पोच माझ्या पर्समध्ये आहे. खोटी पडताळणी केली म्हणून माझ्यावर कारवाई होईल, असं वकिलांनी सांगितलंय. होऊ दे. मुंबईचं नेमणूकपत्र असलेलं हे पाकीट, सर, तुमच्यासमोर टेबलावर ठेवते. यादी समिती वाचेल की नाही, मला ठाऊक नाही.

प्रतिष्ठानने तीन वर्षं पगार वेळेवर दिला, त्याबद्दल आभार. नितेशचे आभार, त्याने निदान पहिल्या दिवशी तोंड उघडलं. गुरुजी, पाऊणकीबद्दल तुमचे आभार. बोलण्याच्या भरात व्यासपीठाचा मान राखायला कमी पडले असेन, तर वडीलधाऱ्यांनी ते पोटात घालावं. सह्यांचं मात्र कुणी पोटात घालू नये.

आज अष्टमी आहे. बारा वाजत आलेत, खाडी उतरलीय, आणि आई आत्ता खुरपं घेऊन चिखलात बसली असेल. त्या बारा शून्यांखाली सही कुणाची आहे, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. पत्रकार उद्या छापतील, त्याआधी ते मला सांगायचंय. जेवायला मी थांबत नाही. नमस्कार.