येहुदितबाईंनी पाच वर्षं विचारलेला प्रश्न

सभेचे अध्यक्ष नाथानभाऊ पेणकर, व्यासपीठावर बसलेले आपल्या दवाखान्याचे डॉक्टर अव्नेर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या नर्स येहुदितबाई, आणि समोर बसलेल्या येरुहामच्या तमाम बायाबापड्यांनो, सगळ्यांना माझा शालोम.

मी भारतातून इस्रायलला आलेली, तीन इयत्ता शिकलेली बाई. माझ्याआधी दोघे बोलले, दोघांनीही येहुदितबाईंना दिव्याची उपमा दिली. असेल. मला तर त्या सोळा वर्षं सुई घेऊनच दिसल्या. आता त्या लेकीकडे रामल्याला चालल्यात. डॉक्टरसाहेबांना मराठी येत नाही, माझी सून ओरा मोरोक्कोवाल्यांची, तिलाही येत नाही. म्हणून माझी नात नुरीत दोघांच्या मध्ये बसून हिब्रूत सांगते आहे. नुरीत, सगळं सांगायची गरज नाही. कुठे थांबायचं ते मी सांगेन.

सहा वर्षांपूर्वी माझ्या घशात डावीकडे कळ यायला लागली. घोट गिळला की जिभेच्या मुळापासून थेट कानात, तापवलेली सळई घातल्यासारखी. अर्ध्या मिनिटात गायब. पुढच्या घोटाला पुन्हा हजर. एका दातवाल्याने, नाव घेत नाही, माझ्या दोन दाढा काढल्या. दाढा गेल्या, कळ राहिली. मग मी जेवणच टाकलं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नुरीत, तू थांब जरा. ओरा लग्न करून आली तेव्हा वर्षभर मी तिच्या हातचं ताट बाजूला सारलं होतं. दुखत काही नव्हतं. तिच्या माशाला नारळ नाही, आमसूल नाही, नुसती लाल मिरची आणि तेल. ती विचारायची, काय झालं, तर मी म्हणायची, घसा दुखतो. मग घसा खरोखर दुखला, तेव्हा विश्वास कोण ठेवणार? माझा याकोवसुद्धा म्हणाला, आई, पुरे कर आता.

तेवढ्यात दारफाळणीचा सण आला. नव्या पोरांना किप्पूरचा उपास म्हटलं की कळेल. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि दिवसभरात कळा किती? दोन. मला वाटलं, आपला प्रेषित एलियाहू हनाबी पावला. शोफारचं शिंग वाजलं, सगळ्यांनी उपास सोडला, मी नाही सोडला. दुसऱ्या दिवशीही नाही. देवाला म्हटलं, तू कळ आणू नकोस, मी अन्न मागत नाही. असला शहाणपणा मी केला. तिसऱ्या दिवशी मला उभं राहवेना, आणि ओराने बॅग भरली. नुरीतला घेऊन डिमोनाला माहेरी निघाली. पुन्हा यायचं नाही असं ठरवून निघाली होती, हे मला तिच्या बॅगेवरून कळलं. हिवाळ्याचे कपडे भरले होते.

बॅग दारात, आणि दारातून येहुदितबाई आत, माझं प्रेशर मोजायला. ओराने त्यांच्यापुढे सगळं ओतलं. शेवटी म्हणाली, "उपाशी असली की म्हातारीला काही दुखत नाही. माझा घास पुढे आला की हिला दुखतं."

दुसरी कोणी असती तर सासू-सुनेची समजूत घालत बसली असती. येहुदितबाईंनी तिला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग माझ्या हातातला रुमाल ओढून घेतला. ओला होता. कळेच्या धाकाने मी थुंकीही गिळत नव्हते, त्यात टिपत होते. रुमाल ओरापुढे धरून त्या म्हणाल्या, "हे काही तू रांधलेलं नाही. बॅग संध्याकाळपर्यंत इथेच ठेव."

त्याच दिवशी दवाखान्यात डॉक्टरसाहेबांनी माझ्या घशात बधिर करायचं औषध फवारलं आणि थंड पाण्याचा ग्लास दिला. मी अख्खा ग्लास प्यायले. कळ नाही. ओरा समोर उभी होती. तिने ग्लास भरून आणला, मी तोही प्यायले. मग कळलं, मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात. त्यातली नववी घशात, जिभेच्या मुळाशी आणि कानात जाते. तीच बिघडली होती. गोळ्या दिल्या. काही महिने बरं गेलं, पण चालताना दारू प्यायल्यासारखा तोल जायचा. पुढे गोळ्याही पुरेनात. एकदा चमचाभर सूप गिळताना मी कोसळले. मनगट येहुदितबाईंच्या हातात होतं. त्या म्हणाल्या, नाडी थांबतच आली होती, कारण त्याच नसेची एक फांदी हृदयाच्या ठोक्यांतही लुडबुडते. मग तेल अवीवला नेलं, कानामागे उघडलं, नस कापली. कळ गेली ती गेलीच. जिभेच्या मागच्या भागाची डावीकडची चवही गेली. पेसाहच्या सणाला खायचा कडू पाला मी आता उजवीकडे चावते, म्हणजे देवाला फसवलं असं नको.

हनुवटी खाली घेऊन घोट कसा घ्यायचा, ते येहुदितबाईंनी महिनाभर शिकवलं. त्यांना जुन्या ताटांचं मी तेव्हाच सांगितलं होतं. त्यानंतर पाच वर्षं, दर प्रेशरला, पट्टा बांधता बांधता त्यांचा एकच प्रश्न, "लीयाबाई, सुनेला सांगितलंत का?" मी म्हणायची, पुढच्या वेळी. आता पुढच्या वेळी त्या नाहीत.

नुरीत, आता सांग, आणि जरा मोठ्याने सांग. पहिल्या वर्षी घसा दुखत नव्हता. मी खोटं बोलले. तुझ्या आईच्या जेवणात खोट नव्हती. आणि माझा आजार आधी तिनेच ओळखला, रागाने का होईना. आजचं जेवण तिने केलंय. मी पहिल्या पंगतीला बसणार आहे, आणि मासा मागून घेणार आहे.

येहुदितबाई, आता विचारायचं राहिलं नाही. रामल्याला सुखात राहा. अध्यक्षांनी पाच मिनिटं दिली होती, मी जास्त घेतली. तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, उपकार आहेत. माझ्या तोंडून काही वाकडं गेलं असेल, तर ते माझ्या अडाणीपणाच्या खाती टाका आणि पोटात घाला.