आमचे हे आणि नागरिकत्वाची परीक्षा

...नाही, मला एक कळत नाही, चौदा वर्षं ज्या माणसाने या देशाच्या लिफ्टा दुरुस्त केल्या, त्याची आता परीक्षा? संसदेत खासदार किती, झेंड्यात रंग कुठले, सगळ्यात लांब नदी कोणती! तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांनी तीन महिने घोकलं. आंघोळीला गेले की आतून नद्या ऐकू यायच्या! कारण पास झालं की सुटका. आमचा इथे राहायचा परवाना मालकाच्या हातात हो! त्याची नोकरी सोडली की देशही सोडा. म्हणजे तो म्हणेल ती पूर्व दिशा. सांगा, माणसाने करायचं काय?

तर परीक्षेच्या दिवशी हे सव्वानऊलाच हजर. दारावर पहारेकऱ्याने फोन जमा केला, स्क्रूड्रायव्हर जमा केला... परीक्षेला स्क्रूड्रायव्हर कशाला? अहो, सवय! जिन्याला ओला रंग, म्हणून लिफ्टमध्ये शिरले. सोबत एक बाई, हातात फायली. परीक्षा घेणाऱ्याच बाई! आणि दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये... खडाड्! बंद.

आता ती लिफ्ट कोणाच्या देखभालीत? ह्यांच्याच मालकाच्या! ह्यांनी तीनदा लिहून दिलेलं, ब्रेक झिजलाय, बदला. मालक म्हणे, "चालतेय ना? मग चालू दे." ह्यांनी मदतीचं बटण दाबलं, तर पलीकडे खुद्द मालक! "घाबरू नका हं, पण माझा मेकॅनिक आज रजेवर आहे."

"साहेब, मीच बोलतोय. आतून."

"अरे वा, मग जागेवरच आहेस की! कर दुरुस्त!"

सांगा, माणसाने करायचं काय?

इकडे बाईंना दरदरून घाम. "हवा संपेल हो, हवा संपेल!" हे म्हणाले, "नाही संपत, वरची जाळी मीच बसवलीय. तुम्ही आपले मला प्रश्न विचारा, जीव रमेल." बाईंनी एकेक विचारलं, ह्यांनी धडाधड सांगितलं, चोवीसपैकी चोवीस बरोबर! मध्येच, गच्चीवर लिफ्टच्या मोटरपाशी धावलेल्या पहारेकऱ्याला ओरडून, "मोठं चाक फिरव रे दादा... उलटं नको, आम्ही वर चाललोय!"

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. दहा वाजून पाच. आणि दुसऱ्या परीक्षक साहेबांनी दहाच्या ठोक्याला परीक्षेच्या हॉलचं दार लावलेलं! हे म्हणाले, "बाई, तुम्हीच ऐकलंत ना सगळं? तेच धरा की." बाईंनी डोळे पुसले, ह्यांचा हात हातात घेतला, म्हणाल्या, "तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही. पण तोंडी धरत नाहीत."

शेरा काय, तर गैरहजर! पुढची तारीख अकरा महिन्यांनी, तीही गैरहजेरीचं कारण एखाद्या नागरिकाने लिहून दिलं तरच. बाई भल्या, लगेच लिहून दिलं. हे घरी आले, बूटही न काढता खुर्चीत बसले. "उद्या कामावर जायचंय," एवढंच म्हणाले. मी कागद वाचला. 'सदर गृहस्थ चाळीस मिनिटे माझ्यासोबत बंद लिफ्टमध्ये होते. त्यांनी मला फार आधार दिला.' खाली सही, गोल शिक्का!

आता असला कागद कुठली बायको घरात ठेवील? मी ठेवलाय. पासपोर्टच्या शेजारी, प्लॅस्टिकमध्ये घालून... आणि तीन झेरॉक्सही काढल्यात!