फोन चालू ठेव

विमला : होय गो, दहाला तुझा फोन यायचाच. म्हणून मृणालीचा मोबाईल अजून चार्ज करून ठेवते. बोल.

दर्शना : काकू, आज कामासाठी केलाय. माशांच्या पुस्तकाचं. सगळी चित्रं झाली, एक राहिलंय. प्रकाशक म्हणतात, पुण्यातल्या एका चित्रकाराकडून पुरं करून घेऊ. मृणालीचा तो कागद पाठवाल?

विमला : कुठला मासा?

दर्शना : शिंगाळा. मिशा काढायच्या राहिल्यात.

विमला : अख्खा मासा काढलान आणि मिशा तेवढ्या राहू दिल्यान!

दर्शना : त्या दिवशी निघताना म्हणाली होती, हातखंब्याहून परत आल्यावर काढते.

विमला : ...त्या पुणेकरानं शिंगाळा बघितलाय तरी?

दर्शना : फोटोत.

विमला : तुला काय वाटतं? देऊ?

दर्शना : मला तर कागद हलवूच नये असं वाटतं. पण पुस्तक मुलांसाठी आहे. मिशा नसल्या तर मुलं शिंगाळा ओळखणार कशी?

विमला : मग ने. चुकीचं छापलेलं तिला खपायचं नाही. म्हणजे तुमचं काम संपलं. उद्यापासून फोन नाही.

दर्शना : काकू...

विमला : पाच वर्षं ऐकलं गो मी. माझी लेक इथं, तू अमरावतीला. फोन टेबलावर चालू आणि दोघी मुक्या! मला वाटायचं, भांडल्या की काय.

दर्शना : तसं ठरवूनच केलं होतं. मी लिहायची, ती चित्रं काढायची. आधी नुसते मेसेज, मेल. सारखे गैरसमज व्हायचे. मग तीच म्हणाली, काम करताना फोन चालू ठेव, बोलू नको. तिची पेन्सिल थांबली की मला कळायचं, काहीतरी अडलंय.

विमला : आणि एकमेकींना बघितलंत कधी? तेराव्याला तू दारात आलीस, मी ओळखलंच नाही. काकू म्हणालीस तेव्हा कळलं.

दर्शना : मलाही घर आवाजांवरूनच माहीत होतं. तुमचा पंप, मागचा कोंबडा, कुकर.

विमला : कुकर! मी बाजारात गेले की तिच्या भरवशावर.

दर्शना : तिला शिट्ट्या ऐकूच यायच्या नाहीत. मी इथून मोजायची.

विमला : आता लावतच नाही. एकटीला कशाला? शेजारची नम्रता पेज आणून देते, ती पेजही तशीच पडून राहते.

दर्शना : काकू, आज लावा.

विमला : कशाला गो?

दर्शना : लावा. फोन तिच्या टेबलावर ठेवा, स्पीकरवर. मला दुसरं लिखाण आहे, मी करत बसते.

विमला : बोलायला नको ना? बोलायला लागलं की मला रडू येतं.

दर्शना : नको. अजिबात नको.

विमला : थांब, तांदूळ धुते.

(बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. मग कुकरच्या शिट्ट्या.)

दर्शना : काकू?

विमला : हं.

दर्शना : तिसरी झाली. गॅस बंद करा.